सवारो: आजोबा झाल्यावर हात फुटणारा निवडुंग

आडवाट (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षे मी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या पश्चिम कडेला राहतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना विमानतळावरून घरी आणताना मागच्या आसनावरून एक प्रश्न हमखास येतो: ‘सिनेमात दिसतात ते हात वर केलेले निवडुंग हेच का?’ हेच ते. नाव लिहिताना त्यात ‘ग’ असतो, पण इथले लोक तो गिळून ‘सवारो’ असा उच्चार करतात, म्हणून या धाग्यात मीही तसेच लिहिणार आहे. सिनेमावाल्यांनी हा निवडुंग टेक्सासपासून यूटापर्यंत वाटेल तिथे उभा केला असला, तरी निसर्गात तो केवळ सोनोरन वाळवंटात आढळतो. ॲरिझोनाचा दक्षिण भाग, मेक्सिकोतील सोनोरा राज्य आणि कोलोरॅडो नदीलगतची कॅलिफोर्नियाची चिंचोळी पट्टी, एवढाच त्याचा मुलूख आहे.

प्रश्नानंतर पाहुण्यांचे विधानही ठरलेले असते: ‘काय कणखर झाड आहे! याला ना पाणी लागत, ना कोणाची निगा.’ हे विधान मला दर वर्षी कमी कमी पटत गेले आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

आधी त्याच्या वाढीचा वेग पाहू. बी रुजल्यानंतर पहिल्या आठ वर्षांत सवारोचे रोप एक ते दीड इंच वाढते. मूल तिसरीत जाईपर्यंत त्याच्याच वयाचे हे रोप आपल्या अंगठ्याच्या पेराएवढे झालेले असते. पस्तिशीच्या सुमारास त्याला पहिले फूल येते. पन्नाशीला उंची फार तर सात फूट भरते. ज्या हातांमुळे तो जगभर ओळखला जातो, ते हात बऱ्या पावसाच्या भागात पन्नास ते पंचाहत्तर वर्षांनी फुटतात आणि कोरड्या भागात त्यासाठी शंभर वर्षेही लागतात. काहींना ते कधीच फुटत नाहीत आणि ते भाल्यासारखे सरळसोट राहतात. शंभरीत पंचवीस फूट, दीडशेच्या पुढे चाळीस ते पन्नास फूट आणि सहा टन किंवा त्याहून अधिक वजन, असा त्याचा प्रवास आहे. आयुष्य दीडशे ते पावणेदोनशे वर्षांचे, क्वचित दोनशे. माझ्या अंगणासमोर पाच हातांचा एक सवारो उभा आहे. भारतात लोकमान्य टिळक हयात होते त्या काळात तो रुजला असावा आणि ते गेले तेव्हा त्याची उंची माझ्या गुडघ्यापर्यंतही आली नसावी.

वनस्पतिशास्त्रात त्याला कार्नेजिया जायगँटिया म्हणतात. ब्रिटन आणि रोझ या अभ्यासकांनी १९०८ मध्ये पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या नावाने ही स्वतंत्र प्रजाती मांडली आणि तिच्यात सवारो ही एकच जात आहे. कार्नेगी यांच्या संस्थेने १९०३ मध्ये टूसॉनजवळच्या टुमामॉक टेकडीवर वाळवंटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली होती. त्या टेकडीवरील सवारोंची नोंद १९०८ पासून ठेवली जात आहे. अभ्यासक बदलत गेले, पिढ्या संपल्या, पण नोंद चालूच आहे.

जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेन तिथे अवश्य दुरुस्त करावे.

निशिगंध

सुरेख धागा. माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की, आमच्या गावी शेताच्या कुंपणाला त्रिधारी निवडुंग असायचा. सवारो त्याच कुळातला का? दिसायला दोघे भाऊ वाटतात. दुसरी शंका पाण्याविषयी. आत पाण्याची टाकी असते आणि तहानलेला प्रवासी निवडुंग कापून पाणी पितो, असे लहानपणी वाचले होते. त्यात कितपत तथ्य आहे?

दगडफूल

निशिगंध, पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण वर्गात दर वर्षी हा गोंधळ निस्तरण्यात माझा एक तास जातो.

त्रिधारी निवडुंग, शेर आणि नई निवडुंग या सर्व एरंडाच्या कुळातील वनस्पती आहेत. सवारो कॅक्टसच्या कुळातील आहे आणि या दोन कुळांचे नाते फार दूरचे आहे. कोरड्या हवेत पाणी वाचवायचे, म्हणजे पाने टाकायची, खोड फुगवायचे आणि त्यातच हरितद्रव्य ठेवायचे. दोघांनी हा उपाय वेगवेगळ्या खंडांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधला आणि त्यामुळे दोघांचे रूप सारखे झाले. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. कुंपणावरच्या निवडुंगाला कोयता लागला की पांढरा चीक भळाभळा वाहतो. कॅक्टसमध्ये सहसा असा चीक नसतो आणि त्याचे काटे लवेच्या एका लहानशा गादीतून झुबक्याने निघतात. ही गादी दिसली की तो कॅक्टस, मग नाव काहीही असो.

अस्सल कॅक्टस जवळजवळ सगळेच मूळचे अमेरिका खंडांतील आहेत. आपल्या माळरानावरचा फड्या निवडुंगही तिकडूनच आला. त्याच्या इकडच्या इतिहासाचा स्वतंत्र धागा होईल. इथे एवढेच सांगतो की, एका किड्यापासून लाल रंग मिळतो म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस तो किडा इंग्रजांनी भारतात मागवला, पण आला भलताच किडा. त्याने चांगला रंग दिला नाही, उलट निवडुंगाचे रानच्या रान फस्त केले.

आडवाट (धागाकर्ता)

दगडफूल सर, गादीची खूण फार उपयोगी आहे. माझ्या समोरच्या सवारोवर ती अगदी स्पष्ट दिसते. शेंड्याजवळ तर या गाद्यांची लव इतकी दाट असते की डोक्यावर लोकरीची टोपी चढवल्यासारखे वाटते, आणि तिचे कामही टोपीचेच आहे. हिवाळ्यातील रात्रीच्या गारठ्यापासून ती वाढीचा कोंब जपते.

आता पाण्याविषयी. आत टाकी वगैरे काही नाही. सवारोच्या खोडात गर असतो, साधारण कच्च्या भोपळ्यासारखा, चिकट आणि कडवट. तो पिळून कोणी तहान भागवू पाहील, तर ओकारीने अंगात होते तेही पाणी गमावून बसेल. गराच्या आत लाकडी कांबींचे गोल कडे असते आणि सहा टनांचा डोलारा त्या कांबी पेलतात. बाहेरून खोडाला पंख्यासारख्या उभ्या घड्या असतात. जूनच्या अखेरीस, महिनोन् महिने थेंब पडलेला नसताना, दोन घड्यांमधल्या खाचेत काटे चुकवून बोट घातले तर ते दुसऱ्या पेरापर्यंत आत जाते. जुलैत पाऊस येतो. (या पावसाला इथे ‘मॉन्सून’च म्हणतात. पहिल्या वर्षी ते ऐकून मला हसू आले होते. वर्षभराचा पाऊस मिळून तीस सेंटिमीटरच्या आत आणि त्याचे नाव काय, तर मॉन्सून!) दोन-तीन चांगल्या सरींनंतर त्याच खाचेत बोटाचे टोकही जेमतेम टेकते, कारण घड्या उलगडलेल्या असतात आणि खोड पोट भरल्यासारखे गोल झालेले असते. एक मोठा सवारो एका जोरदार पावसात साडेसातशे लिटरपर्यंत पाणी शोषून घेऊ शकतो.

हे पाणी तो खोलवरून आणत असेल असे कोणालाही वाटेल, पण तसे नाही. मधले सोटमूळ दोन फूट किंवा थोडे अधिक खोल जाते. बाकीची मुळे जमिनीखाली चार ते सहा इंचांवर, निवडुंगाच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत चारी बाजूंना पसरलेली असतात. वाळवंटातील सर जमिनीत खोल मुरत नाही. वरचा थर भिजतो आणि दुसऱ्या दिवशी वाळतो. तेवढ्या वेळात पाणी उचलायचे, तर मुळे वरच हवीत.

श्वसनाचीही तीच तऱ्हा आहे. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. सवारो दिवसभर आपली रंध्रे मिटून बसतो आणि रात्री गारव्यात ती उघडून कर्बवायू आत घेतो, तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उन्हाच्या बळावर त्याची साखर करतो. हे रात्रीचे गणित लक्षात असू द्या, पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

टाकळा

वाचून मोह आवरत नाही. पुण्यात गच्चीवर कुंडीत सवारो लावता येईल का? ऑनलाइन बी मिळते असे दिसते.

दगडफूल

बी रुजेल. मात्र पुण्याचा आषाढ-श्रावण त्याला मानवणार नाही, तेव्हा चार महिने छपराखाली ठेवावे लागेल आणि मातीत वाळू-खडीचे प्रमाण भरपूर ठेवावे लागेल, नाहीतर बुंधा कुजतो. आणि आडवाट यांनी दिलेला वाढीचा हिशेब विसरू नका. तुमची कुंडी नातवाकडे जाईल तेव्हाही तिला हात फुटलेले नसतील. मोठे रोप मागवण्याच्या भानगडीत पडू नका. कॅक्टस कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे निर्बंध आहेत.

सोनकी

थोडे विषयाच्या कडेने लिहिते, पण संबंध आहे. आपण घरोघरी कुंडीत ज्याला ‘ब्रह्मकमळ’ म्हणतो, ते खरे तर कॅक्टसच आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे, ते सूर्यफुलाच्या कुळातले. आपले ब्रह्मकमळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतले, झाडांच्या आधाराने वाढणारे आणि पानासारखे चपटे खोड असलेले. आमच्या चाळीत ते फुलणार असले की संध्याकाळीच निरोप फिरायचे, रात्री दहा-अकराला सगळे ताटकळत कुंडीभोवती जमायचे, आणि सकाळी फूल मान टाकून लोंबत असायचे. सवारोचे फूलही रात्रीच उमलते असे ऐकले आहे. आडवाट, तुम्ही ते पाहिले आहे का? वासाचे काय?

आडवाट (धागाकर्ता)

सोनकीताई, ब्रह्मकमळ कॅक्टस आहे हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते, हे कबूल करतो.

होय, पाहिले आहे. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत हंगाम असतो. फूल शेंड्यावर आणि हातांच्या टोकांवर येते, त्यामुळे मोठ्या निवडुंगाचे फूल जवळून पाहायला शिडी हवी. माझ्या सुदैवाने समोरच्या सवारोचा एक हात खाली वळलेला आहे. कधीकाळी कडाक्याच्या थंडीत हाताच्या पेशी दुखावल्या की तो असा लोंबतो आणि मग टोक पुन्हा वर वळवून वाढू लागतो. त्या हातावरची फुले माझ्या डोळ्यांच्या रेषेत येतात. तीन इंच रुंदीचे, मेण लावल्यासारख्या जाड पांढऱ्या पाकळ्यांचे फूल आणि मध्ये पिवळसर केसरांचा गच्च गुच्छ. वासाला रातराणीची सर नाही. मला तो पिकून मऊ पडलेल्या खरबुजासारखा वाटतो. रात्री उमललेले फूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटते आणि पुन्हा उघडत नाही. १९३१ पासून हे ॲरिझोनाचे राज्यपुष्प आहे.

आता ‘याला कोणाची निगा लागत नाही’ या विधानाकडे येऊ. सवारोला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या सवारोचा पराग यावा लागतो. रात्री तो वटवाघळे आणतात. लांब नाकाची ही लहान वटवाघळे हिवाळा मेक्सिकोत काढतात आणि वसंतात फुललेल्या निवडुंगांच्या वाटेने उत्तरेला येतात. मकरंदासाठी फुलात डोके खुपसतात आणि पिवळी टोपी घालून पुढच्या फुलाकडे जातात. १९८८ मध्ये अमेरिकेने त्यांना संकटग्रस्त ठरवले होते. संख्या सावरल्यावर २०१८ मध्ये त्या यादीतून ती वगळली गेली. फूल सकाळीही उघडे असल्यामुळे पांढऱ्या पंखपट्टीचे पारवे आणि मधमाश्या उरलेले काम करतात. ॲरिझोनात त्यांचा वाटा बराच मोठा आहे, त्यामुळे सगळे श्रेय वटवाघळांना देणेही बरोबर नाही.

जून-जुलैत फळे पिकतात. हिरवट फळ तडकून उलगडते, आत लालभडक गर आणि मोहरीहून बारीक काळे बी, एका फळात दोन हजारांपर्यंत. लांबून पाहणाऱ्याला वाटते की झाडाला लाल फुले आली आहेत. इथले मूळ रहिवासी तोहोनो ओओधम लोक फळे काढायला लांब काठी वापरतात, आणि ती काठी मेलेल्या सवारोच्याच कांबी एकमेकींना जोडून केलेली असते. टोकाला आडवी काटकी बांधून फळ ओढून पाडायचे. गर शिजवून त्याचा काकवीसारखा पाक करतात. त्यातला काही आंबवून पावसाला बोलावण्याच्या विधीसाठी पेय तयार होते. त्यांचे नवे वर्ष याच तोडणीपासून सुरू होते. गर काढून घेतल्यावर फळाची साल लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवण्याची त्यांची रीत आहे. पाऊस यावा म्हणून.

टाकळा

मग बीच्या हिशेबाने तर सगळे वाळवंट सवारोंनी भरून जायला हवे होते.

दगडफूल

हाच खरा प्रश्न आहे. एक सवारो आयुष्यभरात सुमारे चार कोटी बिया देतो असा अंदाज आहे, आणि त्यातले एखादे बी मोठे झाले तरी वंश टिकतो. बहुतेक बिया पक्षी, मुंग्या आणि उंदीर फस्त करतात. रुजलेले रोप उघड्यावर असेल तर उन्हाने भाजते, थंडीने गोठते किंवा सशाच्या पोटात जाते. जगतात ती मुख्यतः एखाद्या झाडाच्या सावलीत रुजलेली रोपे. पालोवेर्दे, आयर्नवूड आणि मेस्कीट ही तिकडची दाई-झाडे. यातले मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचे आणि शमीचे चुलत भावंड. दाईखाली दिवसा ऊन कमी लागते आणि रात्री उबही राहते. पुढे मात्र हे दूधपिते पोर वाढते, पसरट मुळांनी वरचे पाणी आधी उचलते आणि अनेकदा दाई वाळून जाते. जुन्या सवारोच्या पायथ्याशी वठलेले पालोवेर्दे दिसते त्यामागे बहुधा ही कथा असते.

म्हणजे बी पडण्याच्या सुमारास पाऊस हवा, पुढची काही वर्षे फार कोरडी नकोत, फार थंड नकोत आणि डोक्यावर दाई हवी. एवढे सगळे जुळून येते ते काही दशकांतून एकदा. म्हणूनच सवारोंच्या रानात एकाच वयाच्या पिढ्या दिसतात आणि मधली वयेच नसतात.

याचा अर्थ न लागल्याने झालेली एक मोठी चूक सांगतो. टूसॉनच्या पूर्वेला सवारोंचे राखीव क्षेत्र १९३३ मध्ये घोषित झाले (१९९४ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले). त्यानंतर दहा वर्षांच्या आतच तिथले थोराड सवारो पटापट मरू लागले आणि त्यांच्या खोडांतून काळे, दुर्गंधीयुक्त पाणी गळू लागले. जिवाणूंचा रोग पसरला असे निदान झाले आणि शेकडो आजारी निवडुंग तोडून पुरण्यात आले. शतक संपेपर्यंत हे रान नाहीसे होईल, असा धसका तेव्हा अनेकांनी घेतला होता. पुढील अभ्यासांतून उलगडले की, मुख्य मारेकरी कडाक्याची थंडी होती आणि जिवाणू गोठून मेलेल्या भागात नंतर शिरलेले होते. तरुण पिढी नव्हती याचे कारण त्याहून जुने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चुन्याच्या भट्ट्यांसाठी दाई-झाडे तोडली गेली आणि गुरांनी रोपे तुडवली. चराई बंद झाल्यावर आणि बऱ्या पावसाची वर्षे आल्यावर नवी रोपे उगवली, पण ती नजरेत भरायलाच तीस-चाळीस वर्षे लागली. उगवलेली पिढी गवतात लपून असताना वर मात्र शोकसभा चालू होती.

पाणकोंबडी

मी फिनिक्सजवळ राहते, एक स्वानुभव सांगते. नव्या घरासमोर शोभेसाठी आम्ही बारा फुटी सवारो लावून घेतला. काम करणाऱ्या कंपनीचे नाव सांगत नाही. परवाना, चिठ्ठी, सगळे रीतसर होते (इथे सवारो हलवायला परवाना लागतो आणि चोरून नेला तर गुन्हा होतो). त्यांनी खात्री दिली, तो तीन वर्षे हिरवागार राहिला, आणि चौथ्या उन्हाळ्यात एका रात्री धप्पकन आडवा झाला. बुंधा आतून पूर्ण कुजलेला होता. विचारायला गेलो तर हमीची मुदत एकच वर्षाची होती. हातभर पुढे-मागे पडला असता तर गाडी गेली असती. आमचे काय चुकले असावे?

आडवाट (धागाकर्ता)

पाणकोंबडी, तुमचे काहीच चुकले नसेल. इतका मोठा सवारो उपटताना ती दूरवर पसरलेली मुळे तोडावीच लागतात. त्यानंतर तो पोटातल्या साठ्यावर कित्येक वर्षे जिवंत दिसतो आणि मेल्याचे आपल्याला फार उशिरा कळते. एक वर्षाची हमी देणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. आणखी एक गोष्ट अनेकदा पाळली जात नाही. उपटण्यापूर्वी दक्षिणेकडच्या बाजूवर खूण करून, नव्या जागी तीच बाजू दक्षिणेला ठेवावी लागते. उत्तरेकडची कातडी उन्हाला सरावलेली नसते, ती दक्षिणेला आली तर पोळते. पुन्हा लावायचा असेल तर तीन फुटांच्या आतला, रोपवाटिकेत वाढलेला घ्या.

गाडी वाचली हे खरेच बरे झाले. १९८२ मध्ये फिनिक्सच्या बाहेर एका माणसाने गंमत म्हणून सवारोवर बंदुकीच्या फैरी झाडल्या. सवारोचा एक अवजड हात निखळून त्या माणसाच्याच अंगावर पडला आणि तो जागीच ठार झाला. इथे ही गोष्ट लहान मुलांनाही माहीत असते.

निशिगंध

खोडावर गोल भोके दिसतात, ती रोगाची का?

आडवाट (धागाकर्ता)

नाही, ती सुतारपक्ष्यांची घरे आहेत. गिला सुतार आणि सोनपंखी सुतार हे पक्षी गरात ढोली कोरतात. सवारो त्या जखमेभोवती कठीण, बुचासारखी साल तयार करतो आणि त्यानंतर आतले पाणी बाहेर येत नाही. ही साल सुकायला काही महिने लागतात, म्हणून पक्षी आज कोरलेल्या ढोलीत पुढच्या विणीला राहायला येतो. सुतारपक्षी सोडून गेला की तिथे जगातले सर्वांत लहान घुबड बिऱ्हाड थाटते. पाच-साडेपाच इंचांचे, चाळीस ग्रॅमच्या आसपास वजनाचे. सवारो मेल्यावर गर कुजून जातो, कांबी उघड्या पडतात आणि त्यांच्यामध्ये ही ढोली जशीच्या तशी सापडते. आकार थेट बुटासारखा. ओओधम लोक पूर्वी तिचा वस्तू ठेवायला उपयोग करत. माझ्या टेबलावर एक आहे, शेजाऱ्यांच्या अंगणात पडलेल्या सवारोची. आतून हात फिरवला तर नारळाच्या करवंटीसारखी लागते.

आडवाट (धागाकर्ता)

दोन दिवस धागा शांत आहे, तर राहिलेला भाग लिहून टाकतो.

मघाशी रात्रीच्या श्वसनाविषयी लिहिले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर राहिले. सवारो असे दिवस सोसतो. पण त्यातल्या सलग १६ रात्री पारा ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या खालीही आला नाही. रंध्रे उघडण्याची वेळच गरम निघाली, तर उघडावे तर पाणी जाते आणि न उघडावे तर उपासमार होते. त्या उन्हाळ्यात फिनिक्समधल्या सवारोंचे हात गळून पडले, काही मुळासकट कोसळले. त्याआधी २०२० चा मॉन्सून टूसॉनच्या नोंदींतला दुसऱ्या क्रमांकाचा कोरडा होता, अवघा ४१ मिलिमीटर पाऊस. नवी रोपे तर १९९० च्या दशकापासूनच फार थोडी रुजत आहेत.

त्याहून मला धास्ती आगीची वाटते. हे वाळवंट पूर्वी जळत नसे, कारण झुडपांमध्ये उघडी जमीन असायची आणि आग पुढे सरकायला काही नसायचे. आता त्या मोकळ्या जागा बाहेरून आलेल्या गवतांनी भरल्या आहेत. २०२० मध्ये फिनिक्सच्या ईशान्येला लागलेल्या एका वणव्यात सुमारे ७८ हजार हेक्टर क्षेत्र जळाले आणि हजारो सवारो होरपळले. टूसॉनच्या डोंगरांवरचा मुख्य शत्रू म्हणजे बफेल नावाचे गवत. १९३० आणि ४० च्या दशकांत सरकारनेच ते गुरांच्या चाऱ्यासाठी आणि धूप थांबवण्यासाठी आणले. ते आफ्रिका आणि आशियातले आहे, ठोंब कमरेपर्यंत वाढते, वाळले की पेंढीसारखे पेटते आणि जळल्यावर मुळातून पुन्हा फुटते. सवारो फुटत नाही. शास्त्रीय नाव सेंक्रस सिलिॲरिस.

माणदेशी

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता लिहिणे भाग आहे. मी सांगोल्याकडचा, घरी डाळिंब आणि थोडी जनावरे. तुम्ही दिलेले शास्त्रीय नाव कृषी खात्याच्या एका चारापिकाच्या पुस्तिकेत पाहिले. साहेब, हे तर आमचे अंजन गवत! दुष्काळी पट्ट्यातला त्याच्यासारखा दुसरा चारा नाही. आम्ही ते बी आणून बांधावर आणि पडीक जमिनीवर मुद्दाम लावतो. पाऊस गेला तरी ठोंब मरत नाही, जनावर आवडीने खाते, माती धरून ठेवते. तुम्ही त्याचे जे अवगुण लिहिले आहेत, त्या सगळ्याला आम्ही गुण म्हणतो.

आमच्याकडे त्याचे रान होत नाही, कारण गुरे आणि शेळ्या ते वाढूच देत नाहीत. तिकडे डोंगरावर चरायला कोण आहे?

आडवाट (धागाकर्ता)

माणदेशी, अकरा वर्षे ज्या गवताला शिव्या घातल्या ते अंजन आहे, हे आज तुमच्यामुळे कळले. माझ्या आजोळी त्याच्या पेंढ्या रचलेल्या असत, मी त्यांच्यावर खेळलो आहे.

उद्यानात चराई बंद आहे आणि पुन्हा सुरू करणेही परवडणारे नाही, कारण गुरे सवारोची रोपे तुडवतात हे दगडफूल सरांनी वर लिहिलेच आहे. म्हणून हिवाळ्यात स्वयंसेवकांचे गट शनिवारी डोंगरावर जाऊन ठोंब उपटतात. मीही जातो. तणनाशकही मारतात, पण ते गवत हिरवे असतानाच लागू पडते, म्हणजे मॉन्सूनमधले काही आठवडेच. एरवी पहार हाच उपाय.

माणदेशी

पहार कशी चालवता? ठोंबाच्या मध्यावर घाव घालू नका, त्याने तो दोन जागी फुटतो. कडेने, चढाच्या बाजूने, पहार तिरकी घालून उचला आणि गड्डा मोकळा झाला की झटकून माती पाडा. गड्ड्याचा तुकडा जमिनीत राहिला तर पुढच्या पावसाला पुन्हा येणार. आणि कुसळे धरायच्या आधी काढा. नंतर काढाल तर बी तुम्हीच डोंगरभर पेराल.

आडवाट (धागाकर्ता)

आमचा म्होरक्या नेमके हेच सांगतो, फक्त चढाच्या बाजूची युक्ती त्याने सांगितली नव्हती. या शनिवारी करून पाहिली. खडकाळ उतारावर चौघांत चाळीसेक ठोंब निघाले, आणि पहार घसरण्याचे प्रमाण खरोखरच कमी झाले. कुसळांच्या बाबतीत मात्र आम्हाला उशीर झाला होता. ती हाताने खुडून आधी पिशवीत भरली आणि मग ठोंबाला हात लावला. तरी घरी आल्यावर दोन्ही मोज्यांवर ती होतीच. एकेक काढून कागदात बांधली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. समोरच्या सवारोखाली झटकायची नाहीत, एवढे मात्र आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.